त्या पत्त्यावर आधीच कुणीतरी आहे

दिवा बारीक करा हवं तर, पण विझवू नका. आणि तो दाराशी बसलाय ना, त्याला म्हणावं आत सरक. हं. आता ऐका. मध्ये हसायचं नाही आणि "काका, खरंच का हो?" असं विचारायचं नाही. जिच्यावर बेतलं तिनं स्वतः सांगितलेलं आहे हे, एकदाच, आणि पुन्हा विषय काढायचा नाही असं बजावून. ती बाई आजही आहे, त्याच कामावर आहे, म्हणून नाव घेत नाही. घरात दोन सुना, त्यातली ही धाकटी. आपणही धाकटीच म्हणू.

जानेवारीतला शेवटचा शनिवार होता तो. थंडी अशी की श्वास दिसावा. संध्याकाळी धाकटी डबा घेऊन बँकेच्या कॉम्प्युटर सेंटरला निघाली. काम तसं साधंच होतं. एक जुनं लिनक्स, म्हणजे शाखांना उत्तरं देणारी संगणकप्रणाली, बंद करायचं, त्याच्या जागी नवं उभं करायचं, शाखांचं बोलणं सुरू झालं की घरी. शाखा बंद असल्या तरी त्यांची यंत्रं रात्रभर सेंटरशी बोलत असतात, तुम्हाला ठाऊकच आहे. रविवारी गर्दी नाही, काही चुकलं तर निस्तरायला वेळ मिळतो, म्हणून शनिवारची रात्र.

नवरा आणि थोरले दीर, दोघं भाऊ कामासाठी बाहेरगावी गेलेले. घरी सासूबाई आणि टिल्ली. टिल्ली म्हणजे दिरांची मुलगी, सहा वर्षांची. निघताना धाकटीनं तिला विचारलं, "येताना काय आणू?"

"काही नको, काकू," टिल्ली म्हणाली आणि चित्राच्या वहीत पुन्हा डोकं घातलं.

काकू. बरोबरच आहे, काकूच ती. पण धाकटीच्या मनाला तो शब्द टोचला, आणि जिना उतरेपर्यंत टोचतच राहिला.

टिल्लीची आई, म्हणजे थोरली, जाऊन दोन वर्षं होत आली होती. आजार म्हणाल तर साधी कावीळ. उतरेल उतरेल म्हणेपर्यंत तिला घेऊन गेली. थोरली याच सेंटरमध्ये कामाला होती. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला या नोकरीवर आणलं ते थोरलीनंच. हाताला धरून सगळं शिकवलं. चुकलं तर स्वतःवर घेतलं. लोक म्हणायचे, या जावा नाहीत, बहिणी आहेत. आणि थोरली होती तोवर ते खोटंही नव्हतं.

जे सुरू झालं ते ती गेल्यावर.

ऑफिसात साहेब म्हणायचे, "तिनं बसवलेलं लिनक्स बघा, अजून एकदा पडलेलं नाही." धाकटीच्या हातून काही राहिलं तर काही बोलायचे नाहीत, नुसता सुस्कारा सोडायचे. घरी धाकटीच्या हातून भांडं पडलं की सासूबाई म्हणायच्या, "ती घरात आहे की नाही ते कळायचंसुद्धा नाही." नवऱ्याला शर्टाचं बटण लावून दिलं तर तो म्हणायचा, "वहिनी दोरा दुहेरी घ्यायच्या." कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. म्हणून तर भांडताही येत नव्हतं.

धाकटीला मूल नव्हतं. टिल्लीचं सगळं तीच करायची. शाळा तिची, ताप तिचा, गृहपाठ तिचा. रात्र रात्र उशाशी बसलेली. आणि त्याच आठवड्यात शाळेच्या फाटकाशी बाईंनी टिल्लीला विचारलं होतं, "आई आली का न्यायला?" त्यावर टिल्ली किती सहज म्हणाली, "ही काकू आहे. माझी आई वेगळी आहे."

वेगळी *आहे*. होती नव्हे.

धाकटी हसली. बाईंना नमस्कार केला. घरी आली आणि न्हाणीघराचा नळ मोठा सोडून रडली. जिवंत माणसाचा हेवा करता येतो हो, त्याच्याशी वाद घालता येतो, आज ना उद्या त्याची एखादी चूक सापडते. मेलेल्या माणसाची चूक सापडत नाही. उलट ते दिवसेंदिवस आणखी चांगलं होत जातं.

तर असं हे मन घेऊन धाकटी त्या रात्री कामावर आली.

रात्रपाळीला ऑपरेटर मामा होते. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. गळ्याला मफलर, समोर चहाचा थर्मास, तोंडानं सारखी कसली तरी कुरकुर. काचेपलीकडे मशीन रूम. तुम्ही या कामात नवीन आहात म्हणून दोन शब्द सांगतो. मेनफ्रेम म्हणजे दोन कपाटांएवढं काळं धूड. त्याच्या पोटात कितीतरी लिनक्स राहतात, एका इमारतीत बिऱ्हाडं राहावीत तशी. पण बाहेर बोलायला सगळ्यांत मिळून नेटवर्कचं कार्ड एकच. प्रत्येकानं उठल्यावर कार्डाला आपला पत्ता सांगायचा, कार्डानं तो ध्यानात ठेवायचा. एक पत्ता एकाचाच. दुसऱ्यानं तोच मागितला तर कार्ड चक्क नाही म्हणतं. आणि एक गंमत असते. बाहेरून बघणाऱ्याला आतलं कुठलं बिऱ्हाड बोलतंय ते ओळखू येत नाही. सगळ्यांचा चेहरा एकच, कार्डाचा.

थोरलीनं बसवलेलं ते लिनक्स अशाच एका बिऱ्हाडात राहत होतं. सगळ्या शाखांना त्याचाच पत्ता पाठ.

धाकटीनं ते रीतसर बंद केलं. पडद्यावर शेवटची ओळ आली, थांबली.

मामा म्हणाले, "आठवडाभर तसंच झाकून ठेवायचं ना? नव्यानं दगा दिला तर हे उठवता येईल."

"कशाला?" धाकटी म्हणाली. "उगाच जागा अडवून बसेल."

"अहो मॅडम, नियम आहे..."

"मामा, माझ्या कामावर तुमचा भरवसा नाही का? सरळ सांगा ना."

मामांनी मफलर आवळला. धाकटीनं जुन्या लिनक्सच्या डिस्का पुसल्या. बिऱ्हाड मोडलं. यंत्राच्या यादीतली त्याची नोंदसुद्धा काढून टाकली. सेंटरमध्ये थोरलीच्या हातचं एवढंच काय ते उरलं होतं. एंटर दाबल्यावर तिला वाटलं वाईट वाटेल. नाही वाटलं. पोटातली कळ थांबल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं.

मग तिनं आपलं नवं लिनक्स उठवलं.

उठलं. कार्ड दिसलं. पत्ता मागितला.

कार्ड नाही म्हणालं.

"मामा, हे पत्ता देत नाहीये."

"काय म्हणतंय?"

"त्या पत्त्यावर आधीच कुणीतरी आहे म्हणतंय."

"असेल मग कुणीतरी."

"कोण असणार? ज्याच्याकडे होता ते आत्ता तुमच्यासमोर पुसलं मी!"

मामांनी चहाचा घोट घेतला. "टायपायला चुकला असाल."

धाकटीनं पत्ता तपासला. बरोबर. कार्डाशी बोलायला प्रत्येक लिनक्सला तीन वाटा लागतात. एक ऐकायची, एक बोलायची, एक माल न्यायची. तिन्हींचे क्रमांक ओळीनं, आणि पहिला सम. धाकटीनं ते एकेक करून पाहिले. बरोबर. तिनं लिनक्स पाडून पुन्हा उठवलं. परत तेच. तिनं मुद्दाम दुसराच एक पत्ता मागून पाहिला. तो कार्डानं मुकाट दिला. म्हणजे कार्डाचं तिच्याशी काही वाकडं नव्हतं. फक्त तोच पत्ता द्यायचा नव्हता.

 जुनं परत आणायची सोय नव्हती, ती तिनं स्वतःच्या हातानं संपवली होती. सकाळी साहेबांना काय सांगायचं? आणि साहेब काय म्हणतील, ते तर तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. ती असती तर...

तेवढ्यात मामा खुर्चीतून म्हणाले, "झालं की हो मॅडम! उगाच घाबरवलंत. शाखा बोलायला लागल्या."

"काय?"

"हे बघा. हिरव्या. सगळ्या हिरव्या."

धाकटी उठून त्यांच्या पडद्यापाशी गेली. खरंच. एकूण एक शाखा सेंटरशी बोलत होती. त्याच पत्त्याशी. विचारलेल्याला उत्तर मिळत होतं, पाठवलेलं पोचत होतं. कुठं अडखळत नव्हतं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "माझं लिनक्स अजून त्या पत्त्यावर नाहीये."

"मग?"

"मग उत्तरं कोण देतंय?"

मामांनी थर्मासचं झाकण लावलं. बराच वेळ लावत राहिले.

धाकटीनं बाहेरच्या स्विचवरून, म्हणजे कार्डाच्या तारा जिथं जोडतात त्या पेटीवरून पाहिलं, त्या पत्त्यावर बोलणाऱ्याचा चेहरा कुणाचा आहे. कार्डाचा. याच कार्डाचा. म्हणजे बाहेरचं कुणी नव्हतं. जे काही होतं ते काचेपलीकडच्या त्या काळ्या धुडात, इतरांच्या बिऱ्हाडाला बिऱ्हाड लावून बसलं होतं.

"मामा, तुमच्या कन्सोलवरून कार्डाला विचारा. तो पत्ता कुठल्या जागेला लावलाय?"

मामांनी चष्मा वर केला, विचारलं, वाचलं. परत वाचलं.

"जुन्याच जागेला आहे, मॅडम."

"तिथं कोण आहे?"

"कुणी नाही. मेमरी नाही, डिस्क नाही, काही नाही. मोकळी जागा आहे." मामांनी चष्मा काढला. "पण कार्ड म्हणतंय, आहे."

मग ते एकदम उठले. "राहू द्या ना, मॅडम. शाखा चालतायत. कुणाची तक्रार नाही. सोमवारी दिवसाउजेडी चार लोकांना घेऊन बघू. कार्डानं जुनं काही धरून ठेवलं असेल. होतं असं."

शहाण्या माणसानं तेच केलं असतं. काम चालू होतं. धाकटीनं पर्स उचलून घरी जायला काय हरकत होती?

पण तिच्या मनात काय आलं सांगू? भीती नाही आली. तिच्या मनात आलं, मेल्यावरसुद्धा! मेल्यावरसुद्धा हिचंच काम चोख. डिस्क नाही, मेमरी नाही, तरी एक शाखा अडली नाही. आणि मी जिवंत, धडधाकट, इथं बसलेय, आणि मला कुणी जागा देत नाही. घरात नाही, शाळेच्या फाटकात नाही, आणि इथंही नाही.

ती परत आपल्या जागेवर बसली. "बघू या तरी," म्हणाली, "ही बोलते कुणाकुणाशी."

*ही* म्हणाली. मामांच्या लक्षात आलं. 

स्विचवर त्या पत्त्याची सगळी ये-जा दिसत होती. शाखा. शाखा. शाखा. ओळी भराभरा वर सरकत होत्या. आणि त्यात मधूनच एक बारीकशी धार. शाखेची नव्हती. बँकेतली कुठलीच नव्हती. धाकटीनं तो क्रमांक वाचला आणि तिचा हात माऊसवरच राहिला.

तो क्रमांक तिच्या घरचा होता.

घरून काम करता यावं म्हणून थोरलीनं कधीकाळी ती वाट बांधून ठेवली होती. पुढं धाकटीही तीच वापरायची. पण त्या वाटेनं यायचं तर घरी लॅपटॉप हवा ना. लॅपटॉप धाकटीच्या समोर होता, टेबलावर. मिटलेला.

आणि घराकडून उत्तरं येत होती. थोडं इकडून. थोडं तिकडून. मग जरा थांबायचं. मग पुन्हा थोडं इकडून.

दोन माणसं बोलतात ना... तसं.

धाकटीनं सासूबाईंच्या मोबाइलवर फोन लावला. या वेळी त्या उचलतील असं तिला वाटलंच नव्हतं.

पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"काकू," टिल्ली कुजबुजली, "हळू बोल ना."

"टिल्ली? तू जागी कशी?"

"झोपतेच आहे."

"आजी कुठाय?"

"आजी झोपलीय. घोरतेय."

"मग तू... तू कुणाशी बोलतेस?"

 फोनमधून एक आवाज येत होता. एकसुरी, जाड, न थांबणारा. धाकटीला वाटलं आपल्याच काचेपलीकडचे, यंत्राला गार ठेवणारे पंखे ऐकू येतायत. तिनं दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.

आवाज थांबला नाही. तो फोनमधूनच येत होता. मशीन रूमच्या पंख्यांची घरघर, तिच्या घरातून, टिल्लीच्या उशाजवळून.

"टिल्ली. तुझ्याजवळ कोण आहे?"

"आई."

धाकटी खुर्चीतून उठली.

"गोष्ट सांगतेय. आता संपेल."

"टिल्ली, ऐक माझं. दिवा लाव. आजीला हलव."

"थांब हं." मग टिल्ली फोनपासून लांब झाली. कुणाचं तरी ऐकल्यासारखी गप्प राहिली. मग परत जवळ आली.

"काकू, आई म्हणतेय, सावकाश ये. घाई नको करूस. मी आहे."

फोन ठेवला गेला.

मी आहे. किती साधं बोलणं! कुठलीही जाऊ कुठल्याही जावेला म्हणेल असं. थोरली हे शंभर वेळा म्हणाली असेल. तू जा, मी आहे. तू झोप, मी आहे. तेव्हा धाकटीला त्याचा आधार वाटायचा.

त्या रात्री तिच्या अंगाची आग झाली. नंतर कायम तिला याचंच वाईट वाटत राहिलं, की आपल्याला आधी घाबरायला हवं होतं. तसं झालं नाही. आधी मत्सर आला. माझ्या घरात, मी नसताना, माझ्या पोरीच्या उशाशी... माझ्या! हा शब्द तिच्या मनात पहिल्यांदाच आला, आणि आला तो असा.

तिनं कार्ड बंद करायची आज्ञा टाइप करायला घेतली.

मामांनी पडदा पाहिला आणि ते धावत आले. "मॅडम! सगळ्यांचं कार्ड आहे ते! एटीएम आहेत त्यावर, दवाखान्यांतल्या पैसे भरायच्या खिडक्या आहेत. कुणी रात्री पेशंट घेऊन आलं असेल..."

"पुन्हा चालू करते लगेच."

"कुणाला न विचारता? साहेबांना एक फोन तरी..."

"मामा, बाजूला व्हा."

"अहो, कुणावर एवढा राग काढताय?" मामा म्हणाले.  "ती काही वाईट करत नाहीये हो. काम करतेय बिचारी."

हे ते बोलायला नको होते. धाकटीनं एंटर दाबलं.

हिरवं सगळं लाल झालं. एकदम नाही. एक शाखा गेली. मग दोन. मग सगळ्या. मामांच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. कुणी उचलला नाही. काचेपलीकडे पंखे तसेच फिरत होते. धाकटीला उगाच वाटलं, ते थांबतील.

ती धार अजून दिसत होती.

कार्ड बंद होतं. कुणालाच कुठं जाता येत नव्हतं. तरी घराकडं जाणारी ती बारीक धार सुरू होती. थोडं इकडून... थोडं तिकडून...

मग इकडून फक्त एकदा.

तिकडून उत्तर आलं नाही.

इकडून पुन्हा एकदा.

नाही.

मग इकडूनही काही आलं नाही. पडदा स्वच्छ झाला.

धाकटीनं कार्ड चालू केलं. एकेक बिऱ्हाड परत बोलायला लागलं. तिनं आपल्या लिनक्ससाठी पत्ता मागितला.

कार्डानं दिला. लगेच. कधी कुणाचा नव्हताच असा.

शाखा हिरव्या झाल्या. मामा खाली मान घालून फोनवर कुणाची तरी समजूत काढत होते. धाकटीला जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, तिनंच सांगितलं तसं सांगतोय. जिंकल्यासारखं वाटलं, आणि मग टिल्ली आठवली. तिनं लॅपटॉप उचलला, डबा तसाच ठेवला आणि निघाली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. स्कूटर चालवताना तिला बोटं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. जिन्यात तिनं चप्पल काढून हातात घेतली. का, ते तिलाही सांगता आलं नाही.

घरात शांत होतं. सासूबाई घोरत होत्या. मोबाइल त्यांच्या उशाखाली होता. टिल्ली भिंतीकडे तोंड करून, मानेपर्यंत पांघरूण घेऊन झोपली होती. धाकटी पलंगाशेजारी जमिनीवर बसली. श्वास मोजत बसली. टिल्लीचा. आणि दुसऱ्या कुणाचा ऐकू येतो का, याची वाट बघत.

दुसऱ्या कुणाचा ऐकू आला नाही.

उजाडलं. खिडकीतून उन्हाची तिरीप आली तशी टिल्ली वळली. डोळे उघडले. धाकटीला पाहिलं. आणि हसली. अशी ती धाकटीकडे बघून कधी हसली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "आलीस?"

धाकटीनं तिला छातीशी धरलं. दोन वर्षं जो शब्द ऐकायला ती झुरली, तो शब्द. तिनं मागं वळून पाहिलं नाही. टिल्लीच्या केसांत तोंड खुपसून ती नुसती "हो, हो" म्हणत राहिली. अर्धवट झोपेत म्हणाली असेल, तिला वाटलं. जागी झाली की पुन्हा काकू.

पण नाही. डोक्यावरून शाल गुंडाळून दात घासताना आई. दुधाचा पेला देताना आई. सासूबाई आत आल्या, त्यांनी ऐकलं आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "बरं झालं बाई. आज ना उद्या व्हायचंच होतं. तूच केलंयस तिचं सगळं." धाकटीला सासूबाई पहिल्यांदा असं काही बोलल्या. तिनं मान खाली घातली.

मग टिल्ली पेला घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. तिथं भिंतीवर थोरलीचा फोटो होता. रोज झोपताना टिल्ली त्याला हात लावायची, खुर्चीवर चढून. त्या सकाळी ती फोटोसमोर उभी राहिली. मान वाकडी करून बघत राहिली. नवीन पाहुण्याकडं पोरं बघतात तसं.

"आई," तिनं आतल्या धाकटीला हाक मारली, "ही कोण गं?"

सासूबाईंनी धाकटीकडं पाहिलं. धाकटीनं फोटोकडं.



पुढं डॉक्टर झाले, समजावणं झालं, वडिलांनी मांडीवर घेऊन जुने फोटो दाखवले. "ही तुझी आई, बेटा." टिल्ली शहाण्या मुलीसारखी "बरं" म्हणायची आणि धाकटीकडं पळून यायची. आईची गोष्ट नाही, आवाज नाही, काही नाही. पुसल्यासारखं. सोमवारी साहेबांनी चार लोकांसमोर धाकटीचं कौतुक केलं. कार्ड बंद केल्याबद्दल दोन शब्द ऐकवले, पण म्हणाले, "काम मात्र तिच्यासारखंच चोख केलंस." मामांनी दिवसपाळी मागून घेतली. त्या रात्रीबद्दल ते दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

हे सगळं नंतरचं. मी सांगत होतो त्या रविवारचं. फोटोपुढून धाकटीनं टिल्लीला आत आणलं. काय करावं ते सुचेना, म्हणून म्हणाली, चल, न्हाऊ घालते तुला. पाणी तापवलं. पाटावर बसवलं. शाल काढली तेव्हा तिला टिल्लीची पाठ दिसली.

टिल्लीच्या पाठीवर वेणी होती. घट्ट, सरळ, एक बट सुटलेली नाही.

"तुम्ही घातलीत का वेणी हिची?" धाकटीनं आतूनच विचारलं.

"मी कशाला?" सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "रात्री केस मोकळेच होते तिचे. गाठी होतील म्हटलं, तर विंचरू देईना."

धाकटीनं वेणी हातात घेतली. खाली रिबन नव्हती, रबर नव्हतं. केबली बांधायची प्लास्टिकची पट्टी होती, यंत्रामागं लावतात तसली. हिरव्या रंगाची. थोरली गेल्यापासून सेंटरमध्ये सगळ्या काळ्याच येत होत्या. पट्टी ओढून बसवलेली, पण केस ओढले जाणार नाहीत एवढीच. आणि उरलेलं टोक अगदी मुळाशी कापलेलं, पोरीच्या मानेला टोचू नये म्हणून.

धाकटीनं बोटानं ती चाचपली.

बाहेर एवढी थंडी होती... आणि पट्टी मात्र चालू यंत्रामागून आत्ताच काढल्यासारखी कोमट होती.